दहाची ओढ आणि अकराचा रेटा

सकाळचे दहा वाजायला दोन मिनिटं उरली, की शेवाळपाटावर सगळीकडे एकच हालचाल होई. माणसं कप तोंडाला लावून चहा निम्म्यावर आणून ठेवत, न्हावी वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालापासून लांब नेई, आणि शाळेत बाई म्हणत, "पेन्सिली वर उचला." मग पश्चिमेच्या यंत्रघरातले चार पंखे घरघरू लागत, अख्ख्या गावाला एक हिसका बसे, आणि ज्याने कप भरलेला ठेवला असेल त्याचा चहा पूर्वेच्या बाजूने बशीत सांडे. ही दहाची ओढ. तासाभराने पूर्वेचे चार पंखे सुरू होत, उलटा हिसका बसे, आणि उरलेला चहा पश्चिमेच्या बाजूने सांडे. हा अकराचा रेटा. बाराला दोन्ही बंद. गाव जिथल्या तिथे. गेली तीन वर्षं हे रोज चाललं होतं, रविवार, शोकदिन आणि मध्ये एकदा तेल संपलं ते पंधरा दिवस सोडून.

शेवाळपाट हे समुद्रावर तरंगणारं गाव. किनाऱ्यावरची जागा समुद्राने परत मागून घेतली, तेव्हा कोकणापासून तीस मैलांवर अशी सात गावं बांधली आणि एकमेकांना जोडली. एकेका गावाला पाट म्हणत, आणि सातांचा मिळून सप्तपाट संघ. शेवाळपाट सगळ्यात कडेला, त्याच्या पूर्वेला मीठपाट, आणि पलीकडे बाकीचे. शेवाळपाट खायचं शेवाळ पिकवून साऱ्या संघाला पुरवी. त्या बदल्यात संघ त्याला वीज, डॉक्टर आणि नियम पुरवी. विजेबद्दल आणि डॉक्टरांबद्दल कुणाची तक्रार नव्हती. नियम मात्र फार येऊ लागले. भाकरीचा व्यास एकवीस सेंटिमीटरांहून जास्त नसावा, असा नियम आला त्या दिवशी गावाचं डोकं फिरलं. कौल घेतला. संघातून सुटावं, या बाजूने पस्तीस मतं जास्त पडली.

सुटायचं कसं, हे पाटसभेने ठरवायचं होतं. पाटसभेत वीस सुटकावाले होते आणि वीस जोडवाले. तीन वर्षांत त्रेसष्ट ठराव आले आणि त्रेसष्ट वेळा वीस-वीस मतं पडली. एकदा तर 'हा ठराव पुढे ढकलावा' हा ठरावही वीस-वीसवर अडकला, आणि पुढे ढकलायचा की नाही हे न ठरल्यामुळे आपोआप पुढे ढकलला गेला. सभापती काशिनाथ खोबरेकरांना निर्णायक मत होतं. पण ते द्यायची वेळ आली की त्यांचा घसा बसे, आणि सभागृह तहकूब झालं की लगेच सुटे.

लोकांची अवस्था बघवत नव्हती. निम्म्या घरांत सामान बांधून ठेवलेलं, त्यामुळे कुठल्याही घरात कात्री सापडत नसे. भूगोलाच्या पुस्तकात 'आपले शेजारी' हा धडा कोरा होता, खाली टीप: निर्णयानंतर भरावा. लग्नपत्रिकांवर छापून येई, 'स्थळ: शेवाळपाट, सप्तपाट संघ (असल्यास)'. पाटसभेबाहेर रोज दोन मोर्चे येत, एक सुटा म्हणणाऱ्यांचा, एक राहा म्हणणाऱ्यांचा. पहिलं वर्ष ते एकमेकांवर ओरडले. दुसऱ्या वर्षी दमले. तिसऱ्या वर्षी दोन्ही मोर्चे एकाच बाकावर बसून एकच घोषणा देऊ लागले: "काय ते एकदा ठरवा!"

दहाची ओढ आणि अकराचा रेटा हा पाटसभेचाच शोध. पश्चिमेचं यंत्रघर सुटकावाल्यांच्या ताब्यात होतं, पूर्वेचं जोडवाल्यांच्या. सभागृहात काही होत नाही म्हटल्यावर सुटकावाल्यांनी निषेध म्हणून गाव तासभर बाहेर ओढायला सुरुवात केली. जोडवाल्यांनी निषेधाचा निषेध म्हणून तासभर आत रेटलं. गाव हलत नसे, कारण शेवाळपाट आणि मीठपाट यांच्यामध्ये बारा सांधे होते.

आणि त्या सांध्यांवर मैना तांडेल होती.

*

मैना बावीस वर्षं सांधानिरीक्षक होती. वय एकावन्न, अंगाने काटक, कमरेला कायम मोजपट्टी. सकाळी आठला ती लोखंडी जिना उतरून पाण्याच्या पातळीवरच्या बोळात जाई, आणि बाराही सांध्यांचा घेर मोजून नोंदवहीत लिही. गेली तीन वर्षं ती लिही तो आकडा जवळजवळ रोज आदल्या दिवसापेक्षा मोठा असे.

हे सांधे लोखंडाचे नव्हते. लोखंडाचे पूर्वी होते. खाऱ्या पाण्यात ते गंजत, लाटांनी वाकून वाकून तुटत. मग डॉ. नीलाक्षी वेर्णेकर यांनी जिवंत सांधा तयार केला. कालव आपलं कवच घडवतं त्या पेशी त्यांनी घेतल्या, आणि आपल्या हाडात जी अक्कल असते ती त्यांना शिकवली. हाडाला ताण कळतो. मल्लाच्या हातातलं हाड कारकुनाच्या हाडापेक्षा जाड होतं, कारण रोज त्याच्यावर जोर पडतो. उलट, अंतराळात महिनोन् महिने तरंगून आलेल्या माणसाचं हाड विरळ झालेलं असतं, कारण तिथे त्याला काही कामच नसतं. जिथे ताण तिथे भर, जिथे आराम तिथे झीज. सांधा तसाच वागे. करवतीने कापायला गेलं तर दुसऱ्या दिवशी जखम भरून आणखी टणक होई, कारण त्यासाठीच तर तो केला होता.

बाई मैनाला शिकवताना म्हणाल्या होत्या, "याच्याशी भांडू नकोस, मैना. भांडण हा याचा खुराक आहे."

त्या सोमवारी मैनाने सातव्या सांध्याला मोजपट्टी गुंडाळली तेव्हा पट्टी पुरली नाही. सांधा बसवला तेव्हा मांडीएवढा होता. आता दोन माणसांनी हात पसरून कवेत घ्यावा एवढा झाला होता. तिने खाली बसून गणित केलं. मग पुन्हा केलं, कारण पहिलं उत्तर तिला आवडलं नव्हतं. दुसरंही तेच आलं.

सांधा आता गावापेक्षा मजबूत होता. आठही पंखे लावून गाव पश्चिमेला ओढलं, तर सांधा तुटणार नव्हता. तुटलं असतं गावच, आणि कुठे तेही गणितात स्पष्ट होतं. गावाच्या तळाची सगळ्यात पातळ पट्टी होती ती मधल्या आळीखाली. मधल्या आळीत एकशे दहा घरं होती. त्यातल्या सत्तेचाळीसाव्या घरात मैना राहत होती. सोबत तिचे सासरे हिराजी तांडेल, आणि नवरा रघुवीर तांडेल, सभासद, सुटकावाल्यांचे पुढारी, ज्यांनी ही दहाची ओढ शोधून काढली होती.

*

घरी आली तर मामंजी खिडकीशी बसून बशीतला चहा पुन्हा कपात ओतत होते. चौऱ्याऐंशी वय, त्यातली तीस वर्षं यंत्रघरात काढलेली.

"सूनबाई, आजचा हिसका हलका होता," ते म्हणाले. "दोनच घोट सांडले. तुझ्या नवऱ्याचा जोर कमी होतोय."

"त्यांचा नाही मामंजी, सांधा घट्ट होतोय."

तेवढ्यात रघुवीर आत आला तो नाचतच. "मैना! बाबा! खोबरेकरांचा घसा सुटला! येत्या सोमवारी निर्णायक मत देतो म्हणाले, आमच्या बाजूने! लगेच मंगळवारी आठही पंखे लावायचे आणि एका झटक्यात बाहेर. तीन वर्षं!" त्याने मैनाचे दोन्ही हात धरले. तीन वर्षांत पहिल्यांदाच. दोघांमध्ये बोलणं असं उरलं नव्हतं. कौलात आपण काय मत दिलं हे तिने त्याला सांगितलं नाही, एवढंच कारण. तो दर पंधरा दिवसांनी विचारी, ती दर पंधरा दिवसांनी भाजी काय आणू म्हणून विचारी.

"अहो," ती म्हणाली, "आठ पंखे लावले तर आपली आळी फाटेल."

त्याने हात सोडले. "म्हणजे तू जोडवाली. कळलं मला."

मैना तशीच उठून इंदुमती मयेकरांकडे गेली. त्या जोडवाल्यांच्या पुढारी, कडक इस्त्रीच्या, बोलताना एक बोट कायम वर.

मयेकरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे ओढल्याने आणि रेटल्याने सांधा मजबूत होतो?"

"हो."

"मग छानच की! उद्यापासून आम्ही दोन तास रेटतो."

"बाई, सांधा मजबूत झाला की गाव फाटतं. आणि मंगळवारी पंखे लागणारच आहेत."

"तुम्ही रघुवीर तांडेलांच्या मिसेस ना?" बोट खाली आलं. "त्यांना सांगा, ही युक्ती आमच्यावर चालायची नाही."

बाहेर दोन्ही मोर्चे बाकावर बसले होते. त्यांनी मैनाला जागा करून दिली. "तुझं काय, सुटा की राहा?" एकाने विचारलं. मैना म्हणाली, "आधी अख्खे राहू या." ही घोषणा होण्यासारखी नव्हती, म्हणून कुणी ती उचलली नाही.

*

गुरुवारी दुपारी किनाऱ्यावरून बातमी आली. डॉ. नीलाक्षी वेर्णेकर वारल्या. वय एक्क्याण्णव.

मैना बोळात सातव्या सांध्याला पाठ टेकून बसली आणि पोटभर रडली. बाईंनी तिला हाताला धरून शिकवलं होतं. बाईंची एक वही तिच्याकडे होती. ती काढून चाळता चाळता शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली ओळ दिसली. बावीस वर्षांत तिने ती पन्नासदा वाचली असेल. 'सांधा सोडवायचा झालाच, तर त्याला कंटाळा आणा. दोर लावून लाटांचा भार दोरांवर घ्यावा. नव्वद दिवसांत दुधाच्या दातासारखा पडेल.'

दुधाचा दात काही कुणी उपटत नाही. खालून शरीरच त्याचं मूळ हळूहळू खाऊन टाकतं, आणि एक दिवस तो जिभेच्या टोकावर येतो. मोडलेल्या हाडाला डॉक्टर पोलादी पट्टी लावतात तेव्हाही हेच होतं. भार पट्टी घेते आणि पट्टीखालचं हाड रिकामं बसून बारीक होतं. सांध्याचंही तेच होईल. मैनाने नोंदवही उलटून पाहिली. दोन वर्षांपूर्वी दोन्ही यंत्रघरांचं तेल संपलं होतं आणि पंधरा दिवस ओढ नव्हती की रेटा नव्हता. त्या पंधरा दिवसांत सांधा चार बोटं उतरला होता, तोही दोरांशिवाय.

पण नव्वद दिवस पाटसभेला गप्प कोण बसवणार?

मैनाचे डोळे अजून ओले होते, आणि तशातच तिला हसू आलं. गप्प बसवायची गरजच नव्हती. उलट.

तीन वर्षांत पाटसभेने एकमताने केलेली गोष्ट एकच होती, शोकप्रस्ताव. कुणी मोठं माणूस गेलं की चाळीसही सभासद उभे राहत, दोन मिनिटं खरोखरच शांत असत, आणि प्रस्ताव मंजूर होई. नियम एकशे चौदा असा होता: शोकप्रस्ताव सर्व कामकाजाच्या आधी घ्यावा, त्यावरील भाषणांना वेळेची मर्यादा नसावी, आणि तो मंजूर होईपर्यंत गावातील दोन्ही यंत्रघरं बंद ठेवावीत. जुन्या माणसांनी सभ्यतेने केलेला नियम. आपल्यामागे काय पिढी येणार आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

मैना सभापतींकडे गेली. खोबरेकर हळद घातलेलं दूध पीत होते.

"साहेब, वेर्णेकरबाईंचा शोकप्रस्ताव यायला हवा. गावाला जोडून ठेवलं त्यांनी."

"यायलाच हवा, यायलाच हवा," सभापती म्हणाले. सोमवार आणखी थोडा लांबतोय हे लक्षात येऊन त्यांचा चेहरा खुलला. "आणि तुमच्या हातातला हा कागद कसला?"

"सांध्यांवर दोर लावायचा. देखभालीचे, चोवीस दोर. तुमची सही लागते."

त्यांनी सही केली. ज्या कागदावर सुटा किंवा राहा हे शब्द नसत, त्यावर खोबरेकर आनंदाने सही करत.

वाटेत मैनाला मयेकरबाई भेटल्या. "ऐकलंत का बाई? सुटकावाले म्हणे शोकप्रस्तावावर शेवटचं भाषण आपलंच ठेवणार. बाई आपल्याच पक्षाच्या होत्या, असं भासवायला."

"असं का?" मयेकरबाईंचं बोट वर गेलं.

घरी आल्यावर ती रघुवीरला म्हणाली, "मयेकरबाई म्हणत होत्या, शेवटचं भाषण त्यांचंच."

"बघतोच," रघुवीर म्हणाला.

*

पहिला आठवडा सगळं साग्रसंगीत झालं. विसाव्या सुटकावाल्याने समारोप केला, तेव्हा मयेकरबाई उठल्या. "समारोपात एक मुद्दा राहून गेला." त्या सव्वा तास बोलल्या. मग रघुवीर उठला. "सन्माननीय सभासदांच्या मुद्द्याला माझी छोटीशी पुरवणी." ती दोन तासांची होती. मग दोन्ही बाजूंनी पुरवण्या सुरू झाल्या.

तिकडे मैनाने आणि तिच्या चार माणसांनी चोवीस दोर बांधले. मनगटाएवढे जाड, थोडे लवचीक, लाट आली की ताणणारे आणि गेली की सैल पडणारे. गाठ तिने आपल्या आज्याकडून शिकलेली मारली. होडी धक्क्याला बांधतात ती. कितीही भार येऊ दे, ती घट्ट बसते. पण मोकळं सोडलेलं टोक एकदा हाताने ओढलं, की अलगद सुटते.

दहाव्या दिवशी लोक चिडले. मोर्चे बाकावरून उठले. "मेलेल्या बाईला सोडा, आणि आमचं ठरवा!" विसाव्या दिवशी मात्र गावात भलताच प्रकार सुरू झाला. दहा वाजता हिसका बसत नव्हता. न्हाव्याने दहाच्या ठोक्याला न थांबता सलग दाढी केली. काही जणांना स्थिर जमिनीची चक्कर येऊ लागली, डॉक्टरांनी त्यांना थोडं थोडं डुलायला सांगितलं. मामंजींनी भरलेला कप बशीत ठेवला आणि दहा ते बारा त्याच्याकडे पाहत बसले. बारा वाजता थंडगार चहा एका घोटात पिऊन म्हणाले, "सूनबाई, हे काहीतरी भयंकर चांगलं चाललंय."

सभागृहात स्तुती संपत आली. बाईंच्या विद्वत्तेवर बोलून झालं, साधेपणावर झालं, त्यांच्या चष्म्यावर झालं. एका सभासदाने त्यांच्या हस्ताक्षरावर चार तास काढले. चाळिसाव्या दिवसापर्यंत कुणाकडे खोटं बोलायला काही उरलं नाही, आणि बोलणं तर भाग होतं. तेव्हा लोक नाइलाजाने खरं बोलू लागले. एक जोडवाला म्हणाला, भाकरीचा नियम त्यालाही मूर्खपणाचा वाटतो. एक सुटकावाला म्हणाला, बाहेर पडायची त्याला हौस आहे, पण एकदा पडलो की परत यायची वाटच राहणार नाही, याची धास्ती वाटते. समोरचा जोडवाला चटकन म्हणाला, "मला तीच धास्ती वाटते, म्हणून तर मी इकडे बसलोय." दोन्ही बाजूंनी बाकं वाजली. कामकाजात त्याची नोंद 'गोंधळ' अशी झाली.

*

एकसष्टाव्या दिवशी दुपारी रघुवीर जिना उतरून बोळात आला. आवाज घोगरा, डोळे खोल गेलेले. तो सांध्यांकडे बघतच राहिला. दोघांच्या कवेतला सांधा आता खांबाएवढा झाला होता.

"मैना, हे काय? हा बारीक कसा झाला?"

"कंटाळ्याने."

त्याने नोंदवही घेतली, पानं उलटली. तो मूर्ख नव्हता, नुसताच सभासद होता. हळूहळू त्याचा चेहरा बदलत गेला. "तू आम्हाला खेळवलंस. शोकप्रस्ताव, शेवटचं भाषण... सगळं तुझं!" त्याने वही मिटली. "मी आत्ता वर जातो आणि सांगतो, आमची भाषणं संपली. उद्या मतदान. परवा पंखे."

"जा," मैना म्हणाली. तिच्या आवाजात काहीच नव्हतं, हात मात्र दोरावर घट्ट होता. "पण परवा ओढायच्या आधी मामंजींना दुसरीकडे हलवा. मी सांगून बघितलं, ते येत नाहीत. तीस वर्षं ज्या घरात चहा प्यायलो तिथेच पिणार म्हणतात. सांधा अजून आळीपेक्षा मजबूत आहे. महिनाभर अजून राहील."

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस? त्या दिवशी घाईघाईत एक वाक्य बोललीस. तीन वर्षं काय करत होतीस?"

"सांगत होते. सांध्याचा घेर वाढतोय, तपासणी व्हावी, म्हणून पाच अहवाल दिले यंत्रसमितीला. पाचही विचाराधीन आहेत. समितीचे अध्यक्ष कोण, ते आठवतंय?"

रघुवीरला आठवत होतं. तो खालच्या पायरीवर बसला. पाणी सांध्यांच्या मधून चुबुक चुबुक करत होतं.

"माझ्या टेबलावर होते ते," तो म्हणाला. "सामान बांधलं तेव्हा त्यांचा गठ्ठा करून मी आरशाभोवती गुंडाळला. फुटू नये म्हणून."

मैनाला हसायचं नव्हतं. पण आलं.

"किती दिवस हवेत?" त्याने विचारलं.

"एकोणतीस. तीस धरा."

"मयेकरबाई आज दमल्यात. पाणी मागत होत्या दर पाच मिनिटांनी. त्या बसल्या की संपलं."

"मग त्यांना उठवा."

"उठवतो." तो उभा राहिला, सदरा नीट केला, आणि पायरीवरून वळून म्हणाला, "मैना, मला अजून सुटायचंच आहे हं."

"मग सुटा की. पण अख्खे सुटा."

तो वर गेला आणि सभागृहात म्हणाला, "डॉ. वेर्णेकर आज हयात असत्या, तर त्यांनी सुटकेच्या बाजूने मत दिलं असतं." मयेकरबाई ताडकन उठल्या, त्या अडीच दिवस बसल्या नाहीत. आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा आवाज गेला, तेव्हा रघुवीरने त्यांना खिशातल्या खडीसाखरेचा पुडा पाठवून दिला, चिठ्ठीसह: 'थांबू नका. कारण मैनाला विचारा.' मयेकरबाई बोळात जाऊन सांधे बघून आल्या. आल्या त्या बोट खाली करून. त्यानंतर दोघांनी मिळून जी भाषणं केली, ती ऐकायला मोर्चे सभागृहात येऊन बसू लागले. सत्त्याहत्तराव्या दिवशी मयेकरबाईंनी भाकरी कशी थापावी हे सांगितलं. व्यास सव्वीस.

*

ब्याण्णवाव्या दिवशी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी सातवा सांधा पडला. काही धडाम वगैरे झालं नाही. पाण्यात सुपारी पडावी एवढा आवाज. मैना जिना चढून वर आली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "पडला! सातवा पडला!" दुपारपर्यंत बाराही पडले. सारं गाव कठड्याला लटकून बघत होतं. पलीकडून मीठपाटाचे लोकही बघत होते. शेवाळपाट आणि मीठपाट यांच्यात आता चोवीस दोर होते आणि वीतभर पाणी. मीठपाटाच्या एका म्हातारीने त्या वीतभर पाण्यावरून समोरच्या घरात लोणच्याची वाटी दिली, रोजच्यासारखी.

शोकप्रस्ताव त्याच दिवशी एकमताने मंजूर झाला. शेवटचं भाषण कुणीच केलं नाही. सभापतींनी शिष्टाचार मोडून मैनाला सभागृहात बोलावलं.

"आता आपण सुटलो की राहिलो?" खोबरेकरांनी विचारलं. सगळं गाव तीन वर्षं हेच विचारत होतं.

"तुम्ही सांगाल ते," मैना म्हणाली. "दोर आहेत तोवर राहिलो. टोक ओढलं की सुटलो. काही फाटणार नाही, कुणी बुडणार नाही. आणि परत यायचं झालं तर तीच गाठ पुन्हा मारता येते, तिला पाच मिनिटं लागतात."

सभागृहात इतकी शांतता झाली की शोक संपलाय हे काहींच्या लक्षात आलं नाही. ते उभेच राहिले.

मतदान चौथ्या दिवशी झालं. सुटावं: एकतीस. राहावं: नऊ. मयेकरबाईंनी राहावं म्हणूनच मत दिलं, आणि मग मीठपाटाशी होडीच्या फेऱ्या, वीज आणि डॉक्टर यांचा करार इतका चोख लिहून दिला, की सुटकावाल्यांनी त्यांना उचलून घेतलं. बाहेर दोन्ही मोर्चांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मग त्यांना उद्यापासून काय करायचं हे सुचेना, तेव्हा त्यांनी बाकाला नवा रंग द्यायला घेतला. आणि चोवीस टोकांना चोवीस माणसं उभी करायचं ठरलं. निघायच्या सकाळी सातव्या दोराचं टोक मैनाकडे होतं. तिने ते रघुवीरच्या हातात दिलं.

"तू ओढ," तो म्हणाला. "तुझीच गाठ आहे."

"दोघं ओढू."

"आधी सांग. तू कौलात काय मत दिलं होतंस?"

मैनाने घड्याळाकडे पाहिलं. "भाजी काय आणू?" ती म्हणाली, आणि दोघांनी मिळून टोक ओढलं.

दोर पाण्यावर सळसळत मागे सरले. आठही पंखे एकत्र फिरले, तीन वर्षांत पहिल्यांदाच एका दिशेने. मीठपाटाच्या कठड्यावर कुणीतरी रुमाल हलवला, मग शेकडो रुमाल हलले, आणि वीतभराचं पाणी हातभर झालं, मग होडी जाईल एवढं झालं. शेवाळपाटावर लोक उड्या मारत होते, रडत होते, शिट्ट्या वाजवत होते. रघुवीर एका वेळी हे तिन्ही करत होता.

मैना धावतच मधल्या आळीत आली. सत्तेचाळीस नंबरच्या खिडकीशी मामंजी बसले होते, समोर बशीत कप, कप काठोकाठ भरलेला. त्यांची नजर घड्याळावर होती. दहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

"काय गं सूनबाई," ते जरा रागावूनच म्हणाले, "आज निघायचं होतं ना? कधी निघणार म्हणे?"

"निघालो, मामंजी."

म्हाताऱ्याने खिडकीबाहेर पाहिलं. मग कपाकडे पाहिलं. मग पुन्हा बाहेर, जिथे मीठपाट हळूहळू लहान होत होतं.

"मग हा सांडला कसा नाही?" ते म्हणाले, आणि भरलेला कप दोन्ही हातांनी उचलून, अगदी सावकाश, पहिला घोट घेतला.